केमोनंतरचा ताप आणि केसपेपरची खिडकी

(संस्थेच्या वार्षिक सभेनंतर देणगीदार, हितचिंतक व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही जमाखर्चाचे आकडे वाचून दाखवतो आणि आपण ते सौजन्याने ऐकून घेता. यंदा ते सर्व आकडे अहवालाच्या अखेरीस छापलेले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी ते घरी निवांत पाहावेत. आज एका वेगळ्या विषयावर बोलण्याची अनुमती आम्ही अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यकशास्त्र आमचे नव्हे. परंतु रुग्णालयाच्या दारात काय घडते, ते डॉक्टरांपेक्षा आमच्या नजरेस थोडे अधिक पडते, कारण दाराची व्यवस्था आमच्याकडे आहे. आज जे वैद्यकीय सांगणार आहोत ते आमच्या डॉक्टरांनी आधी वाचून, दुरुस्त करून दिले आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यातील ही गोष्ट. किनाऱ्यालगतच्या एका वाडीतील पन्नाशीच्या आतील एक गृहिणी स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी मुंबईस जात असत. केमोचा दुसरा डोस घेऊन त्या कोकण रेल्वेने कुडाळला उतरल्या आणि घरी आल्या. डोस घेतल्यापासून नवव्या दिवशी तिन्हीसांजेला त्यांच्या अंगात कणकण आली. घरात थर्मामीटर होता, कोरोनाच्या काळात घेतलेला. पण त्याचा सेल केव्हाच संपलेला. सुनेने कपाळाला हात लावून पाहिले आणि तापाची गोळी दिली. घाम आला, बरे वाटले, त्यांनी थोडी पेज घेतली. रात्री दोनच्या सुमारास हुडहुडी भरली. बाहेर मुसळधार पाऊस, वीज गेलेली. "सकाळी बघूया" असे घरात ठरले. सकाळी दहा वाजता दवाखाना उघडला. तापाच्या रुग्णांची रांग होती. तेथील डॉक्टरांनी दिवस पाहून लेप्टोची शंका घेतली, गोळ्या सुरू केल्या आणि रक्त तपासणीस पाठवले. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. दुपारी बाईंना गुंगी येऊ लागली, तेव्हा मुलाने रिक्षा केली आणि तीनच्या सुमारास तो त्यांना आमच्याकडे घेऊन आला.

यापुढचा भाग आमचा आहे. केसपेपरच्या खिडकीवर रांग होती. कारकुनाने विचारले, "काय होतंय?" मुलाने सांगितले, "ताप." कारकुनाने 'ताप' असे लिहिले आणि नंबर दिला. त्या दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागात ताप हीच बहुतेकांची तक्रार होती. बाई चाळीस मिनिटे बाकावर बसून होत्या. मुंबईची जाडजूड फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुनेच्या मांडीवर होती. ती कोणी मागितली नाही आणि तिने स्वतःहून दाखवली नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा रक्तदाब इतका खाली गेला होता की डॉक्टरांनी खुर्चीवरून उठून स्वतः स्ट्रेचर ओढले. सलाईन लागले, इंजेक्शने सुरू झाली, रुग्णवाहिकेतून त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवण्यात आले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेरावे आटोपल्यावर मुलगा काही कागदपत्रांसाठी आमच्या कार्यालयात आला. कागद घेतले, दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, "सायबानु, आमचा काय चुकला ता तरी सांगा." गाठ तर लहान होत चालली होती, असे मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला आदल्याच भेटीत सांगितले होते. त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की त्यातील बराच भाग त्याच्या घरी नसून आमच्या खिडकीपाशी आहे.

आपल्या जिल्ह्याची स्थिती आपण सारे जाणता. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. कर्करोगाचे निदान झाले की आपला माणूस आजही प्रथम मुंबईचा विचार करतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आपल्याकडे 'टाटाक गेले' एवढे म्हटले की आजाराचे नाव वेगळे सांगावे लागत नाही. कोणी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात, कोणी घाट चढून कोल्हापूरला. तेथे उपचार उत्तम होतात. परंतु केमो ही एका दिवसाची किंवा दोन-तीन दिवसांची बाब असते. पुढील डोसपर्यंतचे दोन-तीन आठवडे रुग्ण आपल्या घरी, आपल्या वाडीत असतो. मालवणपासून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. औषध देणारे हात तेथे राहतात आणि औषधाचा त्रास होण्याचे दिवस येथे येतात. हे दोन्ही जोडणारे कोणी मध्ये असायला हवे, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा उमगली.

या तापात विशेष काय, असे आपण विचाराल. आमच्या डॉक्टरांनी आम्हांस जसे समजावले तसेच सांगतो. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तशाच हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही असतात. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी प्रथम झुंजतात. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः दीड हजारांहून अधिक असतात. पुष्कळशा केमोंनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्यांची संख्या सर्वांत खाली येते आणि काहींच्या बाबतीत ती ५००च्या खाली जाते. तेव्हा बाहेरून जंतू येण्याचीही गरज नसते. आपल्याच आतड्यातील, तोंडातील, त्वचेवरील जंतू रक्तात शिरतात.

सर्वांत फसवी गोष्ट पुढे आहे. जखमेत पू होतो, गळवाभोवती लाली येते, छातीच्या फोटोत डाग दिसतो, हे सारे बऱ्याच अंशी या पेशी तेथे गोळा झाल्यामुळे घडते. पेशीच नसतील तर पू नाही, लाली नाही, फोटोही स्वच्छ. रुग्ण बोलतो, चालतो, चहा मागतो. आतील संकटाची एकच खूण उरते, ती म्हणजे ताप. आणि तीच खूण आपण तापाची गोळी देऊन पुसून टाकतो. ज्या वृद्धांना केमोसोबत स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतात, त्यांच्यात तर कधी तापही येत नाही. नुसती हुडहुडी, ग्लानी किंवा 'बरा वाटना नाय' एवढीच तक्रार असते.

जगातील डॉक्टरांनाही हे एका दिवसात कळले नाही. अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत दाखवून दिले की न्यूट्रोफिल जितके कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका जंतुसंसर्गाचा धोका मोठा. तोवर रक्तात कोणता जंतू आहे ते प्रयोगशाळेत उगवून पाहावे आणि मग औषध ठरवावे, असा शिरस्ता होता. जंतू उगवण्यास दोन-तीन दिवस लागत आणि तेवढ्या अवधीत रुग्ण हातचा जाई. १९७१ मध्ये शिम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताप दिसताच, जंतूचे नाव कळण्याची वाट न पाहता, दोन प्रतिजैविके एकत्र सुरू करण्याचा मार्ग मांडला. आज जगभर तीच रीत आहे: आधी कल्चरसाठी रक्त घ्यावे आणि रुग्ण दारात आल्यापासून एका तासाच्या आत पहिले प्रतिजैविक शिरेतून द्यावे. पेशी मोजल्याचा रिपोर्ट येण्यासाठीही थांबू नये. काही रुग्णांचा धोका कमी असतो आणि त्यांचे पुढे गोळ्यांवरही भागते. पण तो निर्णय तपासून झाल्यावर डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो, घरच्यांनी कपाळाला हात लावून नव्हे.

हा तास जातो कोठे, ते आम्ही त्या एका प्रकरणात मोजून पाहिले. तासांचा हिशेब रुपयांच्या हिशेबाहून वेगळा नसतो. घरी पंधरा तास, दवाखान्यात व रिपोर्टच्या प्रतीक्षेत पाच तास, आमच्या बाकावर चाळीस मिनिटे. दवाखान्याच्या डॉक्टरांना दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात ताप म्हटला की लेप्टो आठवणे हे शहाणपणच आहे. २०१६ पासून दोडामार्ग व सावंतवाडीच्या भागात माकडतापही ठाऊक झाला आहे, मलेरिया-डेंग्यू आहेतच. केमोच्या रुग्णालाही लेप्टो होऊ शकतो. पण त्याच्या बाबतीत क्रम उलटा हवा. आधी पेशी कमी असल्याचे गृहीत धरून शिरेतून प्रतिजैविक, मग लेप्टोचा विचार. केमो झाली आहे हे डॉक्टरांना कळले तरच हे शक्य होते. पुष्कळ घरांतून हा आजार लपवला जातो, मुलीचे लग्न ठरायचे असते, वाडीत चर्चा नको असते, हे आम्ही समजू शकतो. मात्र दवाखान्याच्या आत तरी तो लपवू नये.

ब्रिटनमध्ये २००८ साली एक मोठी छाननी प्रसिद्ध झाली. केमोनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू पावलेल्या रुग्णांचे कागद तज्ज्ञांनी तपासले, तेव्हा त्यांतील अवघ्या ३५ टक्के रुग्णांची देखभाल त्यांना चांगली वाटली. तो एवढा पुढारलेला देश, तरीही उणिवा बहुधा आपल्यासारख्याच होत्या: रुग्णाला कोणास कळवावे ते ठाऊक नाही, तातडीच्या विभागाला केमोची माहिती नाही, इंजेक्शनला उशीर. त्यानंतर तेथे रुग्णाच्या हाती कार्ड व चोवीस तासांचा फोन क्रमांक देण्यावर आणि एका तासाच्या नियमावर भर देण्यात आला. कार्डाला काही यंत्र लागत नाही, हे वाचून आम्हांस धीर आला.

आता आमच्या खिडकीविषयी. आम्ही पहिला बदल केला तो एका वाक्याचा. केसपेपर लिहिणाऱ्याने 'काय होतंय' याच्या आधी प्रत्येक तापाच्या रुग्णाला विचारावयाचे: "कॅन्सरचे औषध चालू आहे का? शेवटची केमो कधी झाली?" उत्तर 'होय' आले आणि केमो सहा आठवड्यांच्या आतील असेल, तर केसपेपर नाही, नंबर नाही, डिपॉझिट नाही, वॉर्डबॉय रुग्णाला थेट कॅज्युअल्टीत नेतो आणि कागद मागाहून होतात. आरंभी आमच्याच लेखा विभागाने कुरकुर केली की कागदाशिवाय नोंद कशी करायची. त्यांना आम्ही सांगितले की कायद्यानेही हेच अपेक्षित आहे. प्राण वाचवणे प्रथम, औपचारिकता नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात म्हटले. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून जी योजना लागू आहे, तीत निर्धनांसाठी दहा टक्के व दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखण्याबरोबरच तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेण्याचे बंधन आहे. हे आम्ही वर्षानुवर्षे दरवाजाजवळच्या फलकावर लावून ठेवले होते. फलकाखालीच बाक होता.

दुसरा बदल कपाटाचा. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसारखी इंजेक्शने पूर्वी औषधभांडारात असत आणि भांडाराला रात्री कुलूप असे. आता पहिल्या डोसाइतका साठा कॅज्युअल्टीतच असतो आणि त्याची किल्ली ड्युटीवरील सिस्टरकडे असते. दर सोमवारी साठा मोजून मुदत पाहिली जाते. अशा पहिल्या डोसाची किंमत काही शे रुपयांत बसते. अतिदक्षता विभागातील एका दिवसाचा खर्च त्याच्या कित्येक पट होतो. देणगीदारांनी हा हिशेब अवश्य ध्यानात घ्यावा.

तिसरी गोष्ट अजून अर्धीच झाली आहे, आणि ती थोड्या संकोचाने मांडतो. रक्तपेशी मोजणारे यंत्र आपल्याच एका देणगीदार कुटुंबाने दिले. त्यावर त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे आणि ते उत्तम चालते. पण रात्री ते चालवणारा तंत्रज्ञ आठवड्यातून चारच रात्री उपलब्ध असतो. यंत्रावर नावाची पट्टी लावता येते, रात्रपाळीच्या पगारावर लावता येत नाही, म्हणून पगारासाठी देणगी मागताना आम्हांस नेहमीच जड जाते. उरलेल्या तीन रात्रींसाठी वर्षभराचा खर्च अहवालात 'रात्रपाळी निधी' या शीर्षकाखाली स्वतंत्र दाखवला आहे. यंदा नवीन यंत्र देऊ इच्छिणाऱ्यांना आमची नम्र विनंती आहे की आधी ते पान पाहावे. केंद्र शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याचे जाहीर केले. केमो घराजवळ आली तर आनंदच आहे. मात्र तिच्यासोबत नवव्या रात्रीचे तापही अधिक संख्येने येथेच येतील.

आता समोर बसलेल्या नातेवाइकांसाठी. घरात चालू स्थितीतील थर्मामीटर ठेवा आणि त्याचा सेल आज रात्रीच तपासा. केमो चालू असताना अंगात कसर वाटली की आधी मोजा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक भरले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन असोत वा गणपतीचा दिवस असो, निघा. मोजण्यापूर्वी तापाची गोळी देऊ नका. ताप नसला तरी हुडहुडी भरली, श्वास लागला, गुंगी आली, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त गेले, पाणीसुद्धा पोटात ठरेनासे झाले, नेहमीपेक्षा दिवसाकाठी चार-पाच वेळा अधिक जुलाब झाले, तरीही तसेच करा. पाठीत नवे दुखणे आणि सोबत पायांतील शक्ती कमी वाटणे किंवा लघवी अडणे, ही खूण तर त्याच दिवशी दाखवावयाची. उशीर झाल्यास पाय कायमचे जाऊ शकतात. गोळ्यांच्या रूपातील केमो ही केमोच असते. त्या गोळ्या चालू असताना जुलाब वा ताप सुरू झाला तर पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

काही जण मुंबईहून पेशी वाढवण्याची इंजेक्शने बर्फाच्या थर्मासमधून आणतात आणि आमच्या सिस्टरकडे टोचून घेतात. ती फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. आपल्याकडे पावसात वीज किती वेळ जाते ते आपण जाणता. अशी इंजेक्शने आमच्या फ्रीजमध्ये नाव लिहून विनामूल्य ठेवली जातील. पण ती घेतली म्हणजे ताप येणारच नाही, असे समजू नये.

वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. २०१४ पासून ही शासकीय रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात विनामूल्य चालते. फोनवर 'ताप आहे' एवढेच सांगू नका. "केमो झालेल्या रुग्णाला ताप आहे" असे सांगा. तेच वाक्य आमच्या खिडकीवर, तेच ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, तेच बांबोळीच्या दारात. आमच्याकडेच या, असा आमचा आग्रह नाही. दोडामार्गच्या माणसाने मालवणच्या दिशेने धाव घेण्यात अर्थ नाही. शिरेतून औषध देऊ शकणारे जे ठिकाण सर्वांत जवळ, ते आपले.

गेल्या श्रावणात रात्री साडेअकराला एका घरातून फोन आला. आजोबांना केमो होऊन दहा दिवस झाले होते, ताप १०१. बोलणारी त्यांची नववीतील नात होती. घरात इतरांना फोनवर नीट सांगता येईना, म्हणून तिने कार्ड पाहून सर्व वाचून दाखवले, औषधाच्या नावासकट. ते पोहोचले तेव्हा सिस्टर दारात उभी होती. पहिले इंजेक्शन बावीस मिनिटांत गेले. आजोबा सातव्या दिवशी घरी गेले आणि पुढचा डोस एक आठवडा लांबणीवर टाकून मुंबईस पोहोचले.

त्या मुलाला मात्र उत्तर द्यायचे राहिले होते. कार्ड छापून आले तेव्हा पहिली प्रत घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो आणि काय चुकले ते सर्व सांगितले, आमच्या बाकावरच्या चाळीस मिनिटांसह. त्याने ऐकून घेतले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने कार्ड उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "अक्षरा मोठी करा, सायबानु. रात्री बॅटरीच्या उजेडात ही वाचूक नाय गावाची."

दुसरी आवृत्ती मोठ्या अक्षरांत काढली आहे. पिवळ्या रंगाचे ते कार्ड चहाच्या टेबलाशेजारी ठेवले आहे. त्यावर रुग्णाचे नाव, आजार, औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख, मुंबईच्या किंवा गोव्याच्या फाईलचा क्रमांक आणि आमच्या कॅज्युअल्टीचा फोन क्रमांक यांसाठी जागा आहे. ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत त्यांनी दोन घ्यावीत, एक फाईलमध्ये आणि एक भिंतीवर. भरण्यास अडचण वाटल्यास आमच्या सिस्टर तेथेच बसल्या आहेत.